सीताबाईंना गाडी लागायची

राजशेखर गाडीशी कानडीत बोलायचा आणि गिऱ्हाइकाशी मराठीत. गाडी ऐकायची, गिऱ्हाईक ऐकायचं नाही. माणूस मूळचा गडहिंग्लजचा, कपाळावर विभूती, हात कोपरापर्यंत काळे. राजारामपुरीत माझ्या स्पेअर पार्टच्या दुकानाला लागूनच त्याचं गॅरेज. कार्ब्युरेटरच्या जमान्यात तयार झालेला हा मिस्त्री बॉनेटवर कान टेकून दुखणं सांगायचा आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. त्यामुळं गाड्यांत कॉम्प्युटर आले तेव्हा त्याला तो सरळ अपमान वाटला. "गाडीनंच आपलं दुखणं सांगायचं, तर मी हितं काय हार घालायला बसलोय?" असं म्हणायचा.

२००६ साली नेमगोंडा पाटलांची सात वर्षं वापरलेली गाडी त्याच्याकडं आली. डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा पेटलेला. राजशेखरनं वायरच्या तुकड्यानं दोन पिना जोडल्या. तसं केलं की तो दिवा मिचकावून बिघाडाचा नंबर सांगतो. नंबर आला ऑक्सिजन सेन्सरचा. हा सेन्सर इंजिनातून निघणाऱ्या नळीत बसतो आणि जळलेल्या वायूत हवा किती उरली ते कॉम्प्युटरला कळवतो. माझ्याच दुकानातला नवा सेन्सर बसवला, दिवा गेला. आठवड्यानं परत पेटला. पुन्हा तोच नंबर.

नेमगोंडा तापले. "दिवा दिसला की माझं ध्यान रस्त्यावर ऱ्हात न्हाय. घालव त्याला!"

राजशेखरनं तेच केलं जे तेव्हा गावातले निम्मे मिस्त्री करायचे. मीटर खोलला आणि दिव्याचा बल्बच काढून टाकला. "अण्णा, गाडी पळतीया न्हवं? मग झालं की." अण्णा खूश. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, पण त्या दिवशी मला काही हे सुचलं नाही.

नेमगोंडांच्या पत्नी सीताबाई. त्यांची थोरली बहीण आक्का नेसरीला अंथरुणाला खिळलेली, म्हणून दोघं दर रविवारी तिला भेटायला जायचे. दिवस मावळायच्या आत जेवायचं हा घरचा नेम, त्यामुळं येताना वाटेत थांबणं नाही. त्याच सुमाराला सीताबाईंना गाडी लागायला लागली. निपाणी येईस्तोवर डोकं ठणकायचं, पुढं उलटी. कानात वारं जातं म्हणून त्या काच लावून बसायच्या. नेमगोंडांची काच खाली, कोपर बाहेर, आणि नाक तपकिरीनं कधीचंच निकामी झालेलं.

"कसला तर वास येतोय हो," सीताबाई म्हणायच्या.

"तुझ्या मनाचा," हे म्हणायचे.

लिंबू झालं, आवळासुपारी झाली, गोळ्या झाल्या. शेवटी नेमगोंडांनी निकाल दिला, "तू नाजूक झालीयास. ऱ्हा घरात." मोटारीत ही तऱ्हा, तर यष्टीत बाई जगायची नाही, असं सगळ्यांनीच धरून चाललेलं. सीताबाईंनीसुद्धा. नेमगोंडा एकटेच नेसरीला जायला लागले. आक्का विचारायची, "सीता का येईना?" हे सांगायचे, "तिला मोटार सोसत न्हाय." आक्कानं एकदा उलट निरोप धाडला, "मला बी हे हातरूण सोसत न्हाय, पर पडलोय न्हवं?" तो ऐकून सीताबाई दोन दिवस जेवल्या नाहीत म्हणे.

आक्का गेली तेव्हा गाडी क्लचच्या कामासाठी राजशेखरकडं उघडून पडली होती. नवराबायकोला यष्टीनंच जावं लागलं.

काही दिवसांनी दोघं गाडी न्यायला आले. सीताबाई माझ्या दुकानात स्टुलावर बसल्या आणि आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "नवलच झालं बघा. गडहिंग्लजपतोर उभ्यानं गेलतो. एकदाबी मळमळलं न्हाय."

पलीकडं राजशेखर किल्ली पुसत होता. त्यानं ते ऐकलं. यष्टीत घाटाघाटाला उलट्या करणारी माणसं त्यानं जन्मभर पाहिलेली. यष्टी सोसते आणि मोटार सोसत नाही, असं माणूस त्यानं पाहिलं नव्हतं. "अण्णा, गाडी आज न्हाय देत," तो म्हणाला. "उद्या या."

ते गेल्यावर त्यानं इंजिन चालू केलं आणि मला सायलेन्सरच्या तोंडाशी ओला बोळा दाबून धरायला सांगितलं. बॉनेटखालून फुसफुस ऐकू आली. सेन्सरच्या अलीकडं, नळीच्या जोडाला भेग पडली होती. भोवती काजळी धरलेली. इंजिनाच्या प्रत्येक ठोक्याला नळीतून धूर भेगेबाहेर यायचा आणि मधल्या ओढीनं बाहेरची हवा आत शिरायची. सेन्सर ती हवा बिनचूक कळवायचा, आणि कॉम्प्युटर वेड्यासारखं जादा पेट्रोल ओतायचा. त्या जादा पेट्रोलचा विषारी धूर त्याच भेगेतून बाहेर पडून हवेच्या जाळीतून थेट आत, सीताबाईंच्या डाव्या सीटवर.

मी व्यवहारी माणूस. म्हटलं, "वेल्डिंग मार आणि गप बस. कुणाच्या बापाला कळतंय?"

तो माझ्यावर खेकसला, "त्या बाईला जन्मभर वाटंल आपणच नाजूक! बहिणीकडं न्हाय गेली ती माझ्यापायी. गाडी वरडून सांगत हुती, आणि मी तिचं तोंड दाबलं."

दुसऱ्या दिवशी दोघं आले. नळी दुरुस्त झाली होती, बल्ब जागेवर होता. राजशेखरनं नेमगोंडांकडं पाहिलंच नाही. सीताबाईंसमोर उभा राहिला.

"काकी, तुमास्नी गाडी लागत न्हवती. गाडीचा धूर आत येत हुता. दिवा तेच सांगत हुता आणि मी बल्ब काढला. चूक माझी हाय."

नेमगोंडा उसळले. "आरं लेका, जीव गेला असता की तिचा! तुझ्या भरवशावर..."

सीताबाईंनी हातानंच त्यांना थांबवलं. "म्हंजे मी नाजूक न्हवतो?"

"न्हाय, काकी."

"माझ्यात कायबी दोष न्हवता?"

"कायबी न्हाय."

सीताबाईंनी पदर तोंडाशी धरला. रडतील असं वाटलं, पण रडल्या नाहीत. आधी राजशेखरकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"मग हे आता आक्काला कोण सांगणार?"