शाल ठेवा, भिंत द्या

‘घेऊन आलायस का रे?’

शाळेच्या अध्यक्षाने हे मला प्रार्थनेला उभ्या असलेल्या सगळ्या पोरांसमोर विचारलं. मी अठ्ठावन्न वर्षांचा पेंटर. तो माझ्या मुलाच्या वयाचा. माझा उजवा हात मांडीशी थरथरत होता. भिंतीवर लिहायला घेतलेला सुविचार बारीक होत गेला होता. पहिला शब्द वीतभर, पाचवा बोटभर.

मी दारूला कधी शिवलो नाही. तरी म्हणालो, ‘व्हय साहेब. जरा जास्त झाली.’

पोरं हसली.

खोटं मी विचार करून बोललो होतो. पिणाऱ्या पेंटरला लोक शिव्या देऊन का होईना, काम देतात. माझ्यासारख्या पार्किन्सनवाल्याला कोण देणार? त्याआधी वर्षभर हेच सांगत फिरलो होतो.

रंगाचा डबा धरून बायको शेजारीच उभी होती. घरी येऊन तिने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, ‘तुमच्या तोंडाला कधी वास आला न्हाई. आज लई आला.’

माझा जन्म उसाच्या फडातला. आईबाप पाथर्डीकडून तोडीला यायचे. ट्रॉल्यांवरची नावं-नंबर बघून मी अक्षर शिकलो. पुढे घासाघीस करूनच जगलो, कुणाला एक वेलांटी फुकट दिली नाही. आणि त्या दिवशी अख्खा मीच फुकटात गेलो.

अध्यक्षाने कामावरून काढलं. मग मी खरं सांगत सुटलो. टपरीवर, स्टँडवर, गिऱ्हाइकांना. काही गेले, काही राहिले. डॉक्टर म्हणाले होते, या आजारात अक्षर आक्रसतं. उपाय माझ्याच पिशवीत निघाला. गेरू लावलेली सुतळी भिंतीवर ताणून मारली की सरळ रेघ उमटते. हे नवशिक्याचं काम, हात बसल्यावर मी सोडून दिलं होतं. आता वर एक मारतो, खाली एक. दोन रेघांत अक्षर पुरं येतं. वेळ चौपट लागतो.

आजाराची बातमी अध्यक्षापर्यंत गेली. संमेलनात त्याने मला स्टेजवर बसवलं. ‘आजाराशी झुंजणारे आपले कलाकार!’ माईकवर म्हणाला आणि शाल उघडली. पलीकडे माझी भिंत दिसत होती. वाक्यावर चुना मारून तिथे त्याच्याच फोटोचा फ्लेक्स टांगला होता.

‘शाल ठेवा साहेब. भिंत द्या,’ मी म्हणालो.

‘काका, आता आराम करा.’

‘आराम मागितला न्हाई. माझं वाक्य अर्धं हाय.’

त्याने माईकवर हात ठेवला. ‘इथं तमाशा नको.’

मी पोरांकडे वळून ओरडलो, ‘मी पीत न्हाई! त्या दिवशी खोटं बोललो. हा आजार हाय!’ हात वर करून दाखवला. तेव्हाही काही पोरं हसली. हसू देत.

भिंत मिळाली नाही. शाळेच्या फाटकासमोर माझ्या साडूची पिठाची गिरणी आहे. सौदा केला. अख्खी भिंत रंगवून देतो, मजकूर माझा. गोळीचा असर असतो तेवढा वेळ लिहितो. दिवसाला चार अक्षरं होतात.

पहिली ओळ झाली. ‘घेऊन आलायस का रे?’ दुसरी चालू आहे. ‘व्हय साहेब.’ माझं खोटंही लपवणार नाही.

साडू घाबरलाय. परवा अध्यक्षाची गाडी भिंतीपाशी थांबून गेली. तिसऱ्या ओळीत विचारणाऱ्याचं नाव येणार आहे, आडनावासकट. वरची दोरी मारली, खालची मारली. एक अक्षर बारीक होऊ देणार नाही.