अभिमनच्या गाडीचे मागचे दिवे

बोदवडच्या स्टेशनाबाहेर चार-पाच पिकअप उभ्या असायच्या. त्यातली अभिमन पाटलाची कोणती हे ओळखायला नंबर वाचायची गरज नव्हती. जिचा मालक निघायच्या आधी खाली उतरतो, गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारतो, मागच्या हौद्यात डोकं घालून पोत्यांच्या आडही बघतो आणि मगच स्टार्टर मारतो, ती अभिमनची. नवा माणूस विचारायचा, याचं काही देवाधर्माचं आहे का? जुनी माणसं गालातल्या गालात हसून म्हणायची, त्याच्या बायकोला विचारा.

तर बायकोपासूनच सुरुवात करू. तिचं नाव केसर. माहेर धुळ्याच्या अलीकडचं, तोंडात अस्सल अहिराणी, आणि बोलायची कमी. अभिमनला मात्र बोलल्याशिवाय करमत नसे. अख्ख्या बाजाराची टिंगल केल्याशिवाय त्याला चहा गोड लागायचा नाही. गाडीवर त्याचा फार जीव, आणि गाडीत त्याच्या शेजारी जी एक जागा होती तिच्यावर त्याहून जास्त. ती मानाची जागा. तिथं तलाठी बसणार, व्यापारी बसणार, सोसायटीचे चेअरमन बसणार. केसर कायम मागं, पोत्यांवर. कुणी म्हणालंच, वहिनींना पुढं घ्या की, तर अभिमनचं उत्तर ठरलेलं असायचं. "घरचं माणूस आहे, कुठंही बसतं."

एकदा चैत्रात जळगावचा बाजार करून निघाले. पुढं चेअरमन, मागं खताची पोती, पोत्यांवर केसर आणि तिची वांग्यांची पिशवी. जळगावच्या वेशीवरच, मेहरूणपाशी, रेडिएटर तापला. अभिमन बॉनेट उघडून चेअरमनला कुठलासा किस्सा सांगत उभा राहिला, आणि पाणी आणायला गेली कोण, तर केसरच. तिनं डबा भरून आणून दिला आणि स्वतः घोटभर प्यायला परत नळाशी गेली. इकडे पाणी ओतून झालं, बॉनेट आपटलं, किस्सा ऐन रंगात आला होता. गाडी निघाली.

थेट घरी पोचल्यावर अभिमन ओट्यावर टेकला आणि म्हणाला, "केसर, पाणी आण." पाणी आलं नाही. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, तेव्हा शेजारीण म्हणाली, "भाऊ, वहिनी उतरताना काही दिसल्या नाहीत." तो गाडीपाशी धावला. हौद्यात वांग्यांची पिशवी होती.

केसर ऊन उतरेपर्यंत मेहरूणला वाट बघत बसली होती. मग उठली, स्टँडवर गेली आणि एसटीत बसली. बोदवडच्या नाही, धुळ्याच्या.

इथंही निभावलं असतं. पण अभिमननं निरोप काय धाडावा? "आवाज द्यायचा ना. मले मागं डोळे आहेत का?" सोडून गेल्यानं झालं नव्हतं तेवढं नुकसान त्या एका वाक्यानं केलं. सासूबाई भिकुबाईंचा उलट निरोप आला, की अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊ द्या. अखाजीला लेकी माहेरी असतातच. नंतर या. माणूस सुधारला असं दिसलं तर लेक धाडू, नाहीतर आमची लेक आम्हाला जड नाही.

बोदवडला तर आयताच विषय मिळाला. अभिमन गाडी काढायला लागला की चहाच्या टपरीवरून आवाज यायचा, "अभिमनभाऊ, कुणी राहिलं तर नाही ना?" सुरुवातीला तोही हसला. मग हसू आटलं. रोज संध्याकाळी कच्चीपक्की खिचडी समोर घेऊन तो बसायचा आणि दाराकडे बघायचा. टिंगल करायची तर ती ऐकून मान वळवून हसणारं माणूस घरात लागतं, हे त्याला आता कळत होतं. केसरची आठवण येते असं कुणाला सांगायची लाज वाटायची, म्हणून तो सांगायचा, गाडीत मन लागत नाही.

त्याचा जिवलग रुपचंद. याचं रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान. दुरुस्त किती व्हायचे ते विचारू नका, पण उघडले मात्र सगळे जायचे. त्यानं गाडी मागून न्याहाळली आणि निकाल दिला. "तुझ्या गाडीला मागं उजेडच नाही. रिव्हर्सचा दिवा मेलेला, सिग्नलचे बल्ब काजळलेले. मागं कोण आहे ते तुला दिसणार कसं?"

अभिमनला हे तंतोतंत पटलं. केसर राहिली ती भर दुपारी, हे दोघांपैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही.

रुपचंद म्हणाला, साधे बल्ब नकोत, एलईडी लावू. त्या काळी एलईडी म्हणजे टेपरेकॉर्डरवर गाण्याबरोबर नाचणारे, मुगाच्या दाण्याएवढे लाल-पिवळे दिवे. गाडीला असले कुणी लावत नसे. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीतून भंगारात आलेले टेप त्याच्या दुकानात ढिगानं पडले होते. त्यातले दाणे उपटून त्यानं पत्र्याच्या तुकड्यांवर ओळीनं डाग दिले. सिग्नलला पिवळे, ब्रेकला लाल. रिव्हर्सला पांढरे हवे होते, पण पांढरे तेव्हा मिळतच नसत, म्हणून हिरवे. दुकानाच्या अंधारात लावून बघितले तर कानबाईच्या मखरासारखं दिसत होतं. अभिमनचे डोळे भरून आले, खोटं नाही सांगत.

एकच भानगड झाली. सिग्नल लुकलुकेना. गाडीतला जुना फ्लॅशर मोठ्या बल्बांच्या करंटनं तापायचा आणि टिकटिक करायचा. हे दाणे इतका कमी करंट प्यायचे की तो तापेचना. दिवा एकदा लागला की लागलेलाच. रुपचंदनं यावरही तोड काढली. घराच्या दाराला असते ती बेलची कळ त्यानं शेजारच्या सीटसमोर बसवली. दाबली की दिवा लागतो, सोडली की विझतो. "तू स्टिअरिंग धर, मी कळ दाबतो," तो म्हणाला.

आणि अखाजीनंतर दोघं धुळ्याकडे निघाले. मानाच्या जागेवर नवा शर्ट घालून रुपचंद. वळण आलं की कळ दाबायचा, आणि नाही आलं तरी हौस म्हणून दाबायचा.

पोचले ते ऐन दुपारी. भिकुबाईंची गल्ली अशी, की पिकअप शिरली तर वळायला जागा नाही. शहाण्या ड्रायव्हरनं ती उलटी आत घेतली असती. पण सासुरवाडीच्या दारात जावयानं पाठमोरं जायचं म्हणजे शोभलं असतं का? अभिमननं नाकासमोर सरळ घातली. पायावर पाणी पडलं, गूळपाणी झालं. केसर दाराआड उभी होती, पण पुढं आली नाही. गल्लीतल्या बाया हळूहळू आपापल्या ओट्यांवर येऊन बसल्या.

"मामी," अभिमन म्हणाला, "तुम्ही म्हणलात माणूस सुधारला का बघू. आता मागं कोण आहे ते मले पक्कं दिसतं. चला, दाखवतो." त्यानं भिकुबाईंना गाडीच्या मागं उभं केलं आणि रुपचंदला हाक दिली. रुपचंदनं कळ दाबली.

वैशाखाचं ऊन ते. त्यात त्या मुगाच्या दाण्यांची काय बिशाद? भिकुबाईंनी डोळ्यांवर हाताचा आडोसा केला, वाकून बघितलं, सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "कोठे शे उजेड? माले ते काहीच दिसस नही."

ओट्यांवर पदर तोंडाला गेले. अभिमनच्या कपाळाला घाम आला. तेवढ्यात रुपचंदनं खिडकीतून सुचवलं, गोधडी आणा. गोधडी आली. अभिमननं तिचं एक टोक हौद्याच्या फळीवर टाकलं, दुसरं दोन्ही हातांनी धरून सासूबाईंच्या डोक्यावरून घेतलं, आणि भर गल्लीत भिकुबाई कमरेपर्यंत गोधडीत गेल्या. रुपचंद कळ दाबू लागला, मधूनच सरकून ब्रेकवर पाय द्यायचा, रिव्हर्स गिअर टाकायचा. चालू, बंद, चालू, बंद.

"या माय," गोधडीतून आवाज आला. "पिवळा शे. आते लाल व्हयना. हाऊ हिरवा कसाना?"

"रिव्हर्सचा, मामी." अभिमनची छाती फुगली. शेजारणी उठून जवळ आल्या, आपलीही पाळी लागावी म्हणून. दाराआडून केसरसुद्धा उंबऱ्यापर्यंत आली, हे त्यानं तिरक्या डोळ्यांनी बघितलं. जमलं, त्याला वाटलं.

आणि मग गोधडीतूनच, अगदी शांतपणे, भिकुबाईंनी विचारलं, "पाव्हना, उजेड ते भलता गोड शे. पण मांगे इतला उजेड कया, म्हणजे मनी अंडेरले परत मांगेच बसाडशात ना?"

अभिमनच्या हातात गोधडीची दोन टोकं होती, ती तशीच राहिली. एवढा खटाटोप केला, एवढ्या लांब आलो, पण परत जाताना त्यांची ही अंडेर, म्हणजे लेक, बसणार कुठं, हा विचार एकदाही डोक्यात आला नव्हता. खरंच नव्हता आला. आणि सासूबाईंनी ते ओळखलं होतं, हे त्याला जास्त लागलं.

"पुढे ते रुपचंदभाऊ शेतस," केसर उंबऱ्यातून म्हणाली. महिन्याभरात त्यानं ऐकलेला तिचा तो पहिला शब्द.

रुपचंदनं कळ सोडली.

"रुपचंद मागं बसंल," अभिमन म्हणाला. "पुढची जागा तुझी."

"आज, की रोज?"

"रोज."

"चेअरमन बसाले उनात तं?"

"चेअरमन मागं बसतील. पोत्यांवर."

भिकुबाईंनी गोधडीतून डोकं बाहेर काढलं, केस सारखे केले आणि गल्लीकडे वळून विचारलं, "आयकं ना बठ्ठास्नी?" बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्या गल्लीनं, ऐकलं होतं.

घरात खापरावरचे मांडे झाले होते, आमरस काढून ठेवला होता. पण अभिमनला घाई सुटली. बायकोचं मन फिरायच्या आत गाव गाठायचं होतं. मांडे पुढच्या वेळी म्हणाला आणि स्टिअरिंगवर बसला. तोच भिकुबाई आडव्या आल्या. लेक सासरी निघताना गाडी मागं घ्यायची नसते. उलट्या पावली निघालेली लेक उलट्या पावली परत येते. आता गल्लीतून उलटं घेतल्याशिवाय गाडी निघणार कशी? शेवटी ठरलं, केसर पिशवी घेऊन पायी गल्लीच्या तोंडाशी जाईल, आणि गाडी रिकामीच मागं येईल. रुपचंद मागं उभा राहून हातवारे करू लागला, "आन दे, आन दे." मध्येच वाकून, ओंजळीचा आडोसा करून तो आपले हिरवे दिवे बघून घ्यायचा. गाडी रस्त्यावर आली. केसर पुढं चढली, दार लावलं, पदर सावरून बसली. अभिमननं तिच्याकडे बघितलं, गिअर टाकला आणि सुसाट निघाला.

काय खुशीत होता. वाटेत सगळ्या जगाची टिंगल झाली आणि केसर मान वळवून हसली. वळण आलं की ती कळ दाबायची. पारोळ्यात त्यानं चहासाठी गाडी थांबवली आणि मागच्या जाळीकडे तोंड करून म्हणाला, "रुपचंद, चहा घे." उत्तर आलं नाही. पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा ओरडला.

"त्या तठेच ऱ्हायनात," केसर म्हणाली. "गल्लीना तोंडपाशी."

"तुला माहीत होतं?"

"आरसामा दखं ना मी. हात हालाडत पळत व्हतात."

"अगं मग आवाज द्यायचा ना."

केसरनं कळ एकदा दाबली, सोडली. "कसाले देऊ? घरनं माणूस शे. कोठेबी ऱ्हास."

अभिमन दार उघडून खाली उतरला, गाडीच्या मागं गेला आणि रिकाम्या हौद्यात बराच वेळ बघत उभा राहिला. मेहरूणच्या उन्हात ती किती वेळ बसली असेल, हे त्याला आत्ता, पारोळ्याच्या उन्हात, पहिल्यांदा दिसलं. चक्कर पूर्ण करून तो परत जागेवर बसला. त्यानं गाडी धुळ्याकडे वळवली, आणि केसरनं वळणाची कळ दाबली.

रुपचंद सापडला तो भिकुबाईंच्या पाटावर. जावयासाठी राखलेले मांडे आमरसात बुडवत होता आणि भिकुबाई स्वतः वारा घालत होत्या. त्याला उठायची घाई नव्हती. परतीच्या वाटेवर तो मागं हौद्यात आडवा झाला आणि बोदवडपर्यंत घोरला.

ते एलईडी पोळ्याच्या आत एकेक करून विझले, आणि त्या जागी पुन्हा साधे बल्ब आले. फ्लॅशर टिकटिक करायला लागला, तशी बेलची कळ बिनकामाची झाली. पण केसरनं ती काढू दिली नाही. गाडी थांबते, अभिमन उतरतो, चक्कर मारतो, हौद्यात डोकं घालतो. पोत्यांवर बसलेले चेअरमन टोपी सावरत म्हणतात, "आहे रे बाबा, आहे मी." मग पुढून केसर एकदा कळ दाबते, आणि गाडी निघते.