पावसाळ्यात पाया नाही

वसंतराव गेल्याचा फोन त्यांच्या मुलीचा, मेधाचा आला. रविवार होता. "काका, बाबा गेले… झोपेतच," एवढंच म्हणाली. मी पोहोचलो तेव्हा आमच्या हाउसिंग सोसायटीच्या जुन्या कमिटीतले दोघे आधीच आले होते, आणि दाराशी खालच्या गावातले मुनियप्पा चपला हातात धरून उभे होते.

त्या गावाशी आमची ओळख भांडणातून झाली. कारखान्यातल्या आम्हा लोकांनी नव्वदच्या सुमारास शहराबाहेर, के. आर. पुरमच्या पुढे लेआउटसाठी, म्हणजे प्लॉट पाडून घरं बांधायला, जमीन घेतली. ती उताराची, आणि उताराच्या तळाशी गावाची केरे, म्हणजे तलाव. आम्ही बुलडोझर लावून सगळी जमीन एकदम साफ करून घेतली. गवत राहिलं तर गबाळं दिसतं, असं आमचं मत. पावसात ती तांबडी माती थेट केरेत गेली. मुनियप्पा चार माणसं घेऊन आले. "तुमची माती तुमच्याकडे ठेवा, सार," म्हणाले. असं बंधन आमच्यावर आहे का ते पाहायला आम्ही सरकारी कायदा शोधू लागलो. सेक्रेटरी असलेल्या वसंतरावांनी मात्र सोसायटीचेच नियम लिहून काढले. प्लॉटच्या खालच्या कडेला गवताचा पट्टा सोडायचा. गटार जिथे संपतं तिथे गाळ बसायला खड्डा ठेवायचा, तो भरला की उपसायचा. आणि जून ते ऑक्टोबर कोणीही पाया खणायचा नाही. कुरकुर पुष्कळ झाली, पण ठराव मंजूर झाला.

पुढच्याच वर्षी कमलाक्कांच्या, म्हणजे वसंतरावांच्या पत्नीच्या, हृदयाचं दुखणं वाढलं. सगळा जन्म कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलेला, त्यांना स्वतःच्या घरात राहायची घाई होती. भटजींनी पाया खणायचा मुहूर्त दिला तो नेमका श्रावणातला. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच बसलो होतो.

"तुमच्या नियमात गणपतीला तरी यायची परवानगी आहे का हो? तोही पावसाळ्यातच येतो," कमलाक्का म्हणाल्या.

"त्याला पाया खणावा लागत नाही."

"मलाही पाया नकोय. मला स्वैंपाकघर हवंय."

वसंतराव हसले. पुढे सोसायटीच्या अध्यक्षांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "अहो, अर्ज तर करा. कमिटी एका मिनिटात सूट देईल." त्यावर वसंतराव म्हणाले, "आणि मुनियप्पाला काय सांगू? ही सेक्रेटरीच्या घरची माती आहे, स्वल्प गोड मानून घे?"

त्यांनी अर्ज केला नाही. दिवाळी झाल्यावर पाया खणला. भिंती खिडक्यांच्या वरपर्यंत आल्या होत्या, तेव्हा कमलाक्का गेल्या… संक्रांतसुद्धा गाठली नाही. आणि त्या वर्षीचा श्रावण जवळजवळ कोरडा गेला होता. त्या पावसात फार तर दोन-चार घमेली माती वाहिली असती. हा हिशोब मी कधी बोलून दाखवला नाही. त्यांनी तो माझ्याआधीच केला असणार. एकदा गाळाच्या खड्ड्याशी उभे असताना आपणहून म्हणाले, "नियम बरोबर होता हो. मी नियमालाही हो म्हणायला हवं होतं आणि तिलाही, तेवढंच."

त्यानंतर लेआउटमध्ये कोणी सूट मागितली नाही. तोंडच नव्हतं मागायला. आजूबाजूच्या लेआउटांनी आपापले तलाव बुजवत आणले. आमच्या केरेत अजून पाणी आहे, आणि मुनियप्पांच्या भाजीच्या वाफ्यांना ते पुरतं. हे चांगलंच झालं.

त्या रविवारी बायका मेधापाशी बसल्या होत्या, म्हणून आलेल्यांसाठी चहा ठेवायला मी आत गेलो. ओटा माझ्या मांडीशी लागला. वसंतराव सहा फुटी, कमलाक्का जेमतेम पावणेपाच. त्या गेल्यावर गवंड्याने विचारलं असणार, ओटा किती उंच ठेवू म्हणून… आणि वसंतरावांनी तो कमलाक्कांच्याच उंचीच्या बेताने बांधून घेतला. त्यावर ते इतकी वर्षं एकटे, पाठ वाकवून स्वयंपाक करत राहिले. आधण येईपर्यंत मीही तसाच वाकून उभा राहिलो.