ग्रीसवाला साहेब आणि माझा नारळ

ग्रीसवाल्या साहेबानं मला फसवलं. जालन्याच्या रोलिंग मिलमध्ये तो पहिल्यांदा आला तो माझ्या मोटारसायकलवर मागं बसून, आणि गेला तो माझाच मान मला दान करून.

मी जुन्या शाफ्टचा, म्हणजे मशीन फिरवणाऱ्या पोलादी दांड्यांचा व्यापारी. हमाली करत वर आलो. शाफ्ट घ्यायचा की नाही, हे मी हातोडा मारून ठरवायचो. खणखणला की चांगला, बद्द वाजला की भंगार. शाफ्ट मिलमध्ये बसला की ज्यानं तो पास केला त्यानंच नारळ फोडायचा, ही आमच्याकडची रीत. कित्येक वर्षं तो नारळ माझा होता.

साहेब टेंभुर्णीचा. पाहुण्याच्या मनगटाला अत्तर लावावं तसं शाफ्टला बोटानं ग्रीस लावायचा आणि त्यावरून अल्ट्रासॉनिक मशीनची डबी फिरवायचा. पोलादाच्या पोटातून परत आलेला आवाज म्हणे त्याला पडद्यावर दिसायचा. मला जे ऐकू येत नाही ते याला दिसतं, तिथंच माझं डोकं फिरायचं. वाईट शाफ्टला तो वाईट कधी म्हणाला नाही. त्याच्या पाठीवर थोपटून सांगायचा, "ह्याला आता आराम द्या."

मी त्याला आणला माझ्या शब्दाला जोड म्हणून. त्यानं एक दिवस माझ्याच शाफ्टला आराम दिला. मी सगळ्यांसमोर हातोडा मारला. शाफ्ट देवळातल्या घंटेसारखा वाजला.

"शेठ, वरून बराबर हाय," साहेब म्हणाला. "आत चीर हाय. इथं." आणि खडूनं रेघ ओढली.

मी भडकलो. तिथंच आरीवर कापायला लावला. चीर बरोबर रेघेखाली निघाली. मिलच्या मालकानं माझ्याकडं न बघता साहेबासाठी चहा सांगितला.

दुसरा शाफ्ट साहेबानं पास केला. मालकानं नारळ त्याच्या हातात दिला, तो त्यानं माझ्यापुढं धरला.

"तुम्हीच फोडा शेठ. माझे हात ग्रीसचे हायेत."

हात त्यानं नुकतेच चिंधीला पुसले होते. मी पाहिलं होतं.

पुढं तो गुजरातला गेला. आता दुसरे मशीनवाले येतात. शाफ्ट ते तपासतात आणि नारळ मला फोडायला लावतात. साहेब तसं सांगून गेलेत, म्हणतात. भरवसा त्यांच्यावर, नारळ माझ्या हातात. मान हिसकावून घेतला असता तर मी भांडलो तरी असतो. साहेब, तो परत का दिलात? जालन्याला या, माझ्यासमोर उभे राहा आणि याचा जबाब द्या.