घडीमावशीची दोन वाजताची साखर

तर काल या गोष्टीतले तीन फोन सांगून झाले होते. चौथा वाजला तेव्हा मुकादमानं तो कानाला लावायच्या आधीच मागं हाक दिली, "घडीमावशी, या. तुमची साखर बोलावतेय."

पायरीवर डबे सोडून बसलेल्या बायका हसल्या. दुपारचे दोन वाजून वीस मिनिटं झाली की मावशीच्या मुलीचा फोन येणार, हे आता लाँड्रीत सगळ्यांना पाठ झालं होतं. मावशी मागच्या मांडण्यांमधून आली. चालणं असं, की प्रत्येक पाऊल कुणाकडून तरी उसनं आणलंय.

"किती म्हणते?" तिनं विचारलं.

"पंचावन्न. पण आकडा कशाला हवा, तुमचं तोंडच सांगतंय. गालावर वळ उठलेत बघा."

मावशीनं बाहीनं गाल पुसला, खिशातली साखरेची गोळी तोंडात टाकली आणि स्टुलावर बसली. पाव तासानं मुलीनं पुन्हा फोन करून सांगितलं, एकशे तीस. "गोळीनं हात दिला," मुकादम म्हणाला आणि आपणच वाचवल्यासारखा मिशीवरून हात फिरवून कामाला लागला.

आता जे काल नव्हते त्यांच्यासाठी मावशी कोण ते सांगायला हवं, नाहीतर मधूनच उठून जाल. ही लाँड्री म्हणजे दवाखान्यांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणारी. दिवसाला दोन हजार चादरी. तापलेल्या दोन रोलरमधून चादर जाते, पलीकडून कडक होऊन बाहेर येते, आणि तिथं मावशी उभी. कोपऱ्याला कोपरा, कडेला कड, तीन झटक्यांत घडी. चादरीलाच वाटावं की आपण जन्मतः चौकोनी आहोत. म्हणून नाव पडलं घडीमावशी. खरं नाव हजेरीच्या वहीत असेल, ते मुकादमालाही चष्मा लावून शोधावं लागायचं.

दुसरी ख्याती अशी की ही बाई दिवसा झोपत नाही. रोज दोन वाजता रोलर थंड करायला अर्धा तास बंद ठेवत. बायका बाहेर पायरीवर बसून डबे सोडत. मावशी उभ्या उभ्या चार घास खायची आणि म्हणायची, "मागं गठ्ठे लावते जरा." मुकादम नव्या बायकांना सांगायचा, "शिका काहीतरी. अठरा वर्षं झाली, या बाईला सुट्टीतही चैन नाही."

आणि घरी? घरी सासू. सत्त्याऐंशी वर्षांची, खिडकीजवळच्या खाटेवर, पाय गेलेले, पण कान असे तेज की शेजाऱ्यांनी दूध उतू घालवलं तरी हिला आधी कळावं. मावशीनं पाठ टेकली रे टेकली की म्हातारीला काहीतरी आठवायचं. उशी सरकव. खिडकी लाव. खिडकी उघड. तुझा सासरा कुठल्या वर्षी गेला गं? मावशी रात्रीसुद्धा उजव्या कुशीवरच निजायची, कारण खाट त्या अंगाला. दिवसा लाँड्री होती म्हणून शेजारीण म्हातारीपाशी येऊन बसायची.

साखरेचा आजार जुना, इंजेक्शनं जुनी. दोन महिन्यांपूर्वी मुलीनं डॉक्टरांना गळ घालून तो सेन्सर लावून घेतला. डाव्या दंडाच्या मागं, कोटाच्या बटणाएवढा, चिकटवलेला. खाली केसासारखी तार कातडीत शिरते आणि दर पाच मिनिटांनी साखरेचा आकडा फोनवर पाठवते. चौदा दिवसांनी जुना काढायचा, नवा लावायचा. मावशीचा फोन कामाच्या वेळी कपाटात कुलपात, पण तोच आकडा दुसऱ्या गावी मुलीच्या फोनवरही उमटायचा. मुलगी दुकानात गल्ल्यावर बसलेली, समोर गिऱ्हाईक, आणि फोन कोकलायला लागला की ती गिऱ्हाईक तसंच सोडून मुकादमाला फोन लावायची.

"दंडाला बटण शिवलंय हिच्या," सासू येईल त्याला सांगायची. "आमच्या वेळी साखर डब्यात असायची."

डॉक्टरांनी आलेख पाहिला. कामाच्या प्रत्येक दिवशी दोन ते अडीच साखर विहिरीत पडल्यासारखी खाली, सुट्टीच्या दिवशी काहीच नाही. म्हणाले, श्रम जास्त होतायत, आणि सकाळचं इंजेक्शन कमी केलं. दुपारचा आकडा जिथल्या तिथं. मग आणखी कमी केलं. दुपार तशीच, उलट उरलेला दिवस चढत गेला, अडीचशे, तीनशे. मावशीला तहान लागायची, पाय जळायचे, रात्री चारदा उठायचं. आधीच दमलेलं माणूस, ते आता असं दमलं की चादरीचा कोपरा धरला तरी हातात काय आहे ते क्षणभर आठवायचं नाही. एक घडी वाकडी गेली. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. लाँड्रीत ती बातमीच होती.

मालकाच्या कानावर गेलं. तापलेल्या रोलरपाशी चक्कर येऊन बाई पडली तर? त्यानं मुकादमाला सांगितलं, डॉक्टरांकडून कागद आणा, आणि बाईंना कायमचं घरी बसू दे.

सासूला कळलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. शेजारणीला उगीच त्रास. आता तू असशील दिवसभर."

मावशी म्हणाली, "हो." भांडी विसळत होती, ती विसळत राहिली.

सोमवारी सकाळी दवाखान्यात तिघं गेली. मावशी, रजा टाकून आलेली मुलगी आणि कागद न्यायला मुकादम, इस्त्रीचा शर्ट घालून. चौदा दिवस भरले होते, म्हणून नर्सनं आधी जुना सेन्सर काढला. उलटसुलट करून पाहिला. चिकटपट्टी एका अंगानं घासून चपटी झाली होती.

"मावशी, या दंडावर झोपता का तुम्ही?" नर्सनं विचारलं. "अंगाखाली दाबून राहिला ना, की हा खोटं बोलतो. आकडा नुसताच खाली दाखवतो. उठून बसलं की थोड्या वेळानं आपसूक वर येतो."

मावशीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मांडण्यांच्या मागची ती फळी. हातभर रुंद, भिंतीला लागून. तिथं आडवं व्हायचं तर तोंड भिंतीकडं करून, डाव्या कुशीवर, दंडाची उशी करून. धुतलेल्या कापडाचा ऊबदार वास, आणि फोन येईपर्यंत कुणी हाक मारत नाही. गालावरचे वळ बाहीच्या चुण्यांचे होते. गोळीनं काही केलं नव्हतं, ती उठून आली म्हणून आकडा चढला होता.

"छे हो," मुलगी म्हणाली. "आई रात्रभर उजव्या कुशीवर असते. आणि दिवसा ती झोपत नाही. माझ्या जन्मापासून मी पाहिलं नाही."

"आमच्याकडं तर नावच नको," मुकादम म्हणाला. "मागं गठ्ठे लावत असते. देवाशपथ सांगतो, डॉक्टरसाहेब, अशी बाई दुसरी नाही."

दोन साक्षीदार, दोघंही मायेचे, आणि दोघांनी मिळून मावशीचं बोलायचं दार लावून टाकलं. गेल्या वर्षी मांडण्यांच्या मागं डुलकी काढताना सापडलेल्या दोन बायकांना याच मुकादमानं त्याच दिवशी घरी पाठवलं होतं. बोलावं तर अठरा वर्षांचं नाव जातं, कदाचित कामही जातं. न बोलावं तर काम जातंच, इंजेक्शन असंच उतरत राहतं, आणि मग खिडकी लाव, खिडकी उघड. फळी दोन्हीकडून सुटणार होती. एवढा हिशेब करायलाही तिच्यात त्राण नव्हतं. डोळे मिटत होते.

डॉक्टरांनी कागद पुढं ओढला, पेनाचं टोपण काढलं. "तर मावशी, रोलरवरचं काम बंद. घरी आराम करायचा. ठीक आहे ना?"

आराम हा शब्द ऐकून मावशीनं मान वर केली. मुकादमाकडं पाहिलं, मुलीकडं पाहिलं, आणि मग डॉक्टरांच्या पेनाकडं बघत, चादरीची घडी घालावी तसं एकेक वाक्य नीट जुळवून ती म्हणाली,

"झोपते मी, डॉक्टर. रोज दोनला, मांडण्यांच्या मागं, ह्याच दंडावर, आणि गठ्ठे एकही दिवस लावले नाहीत. मुकादमांना काय करायचं ते करू द्या. पण कागद काढलाच आहे तुम्ही तर त्यावर लिहा, की बाईचं इंजेक्शन होतं तेवढं करावं, दोन ते अडीच यंत्राचं ऐकू नये, आणि तिला दुपारी अर्धा तास आडवं होऊ द्यावं. घरी नका लिहू. घरी आराम नसतो."