कोयनेल आणि पगार

२०२० च्या वसंतात आई माझ्याकडे आयर्लंडमध्ये, ड्रोहेड्याला राहायला आली आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकली. मी तिथल्या मोठ्या रुग्णालयात भूल द्यायचे. घरी यायचे ती थेट न्हाणीत, मग अंथरुणात. आई धुळ्याची, तोंडात अहिराणी. अख्ख्या गल्लीत तिच्याशी बोलायला कुणी नव्हतं.

एका रविवारी मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना तिने मला ओरडून सांगितलं, "गूय सरी गया, माय." गूळ संपलाय. भिंतीपलीकडे शेजारच्या आजी गुलाब छाटत होत्या. पंच्याऐंशी उलटलेल्या, एकट्या राहणाऱ्या बाई. आमची ओळख हवापाण्यापुरती. त्यांची कात्री थांबली. आईकडे बघत त्यांनी सावकाश विचारलं, "गूय?"

आईच्या हातातली चादर गवतावर पडली. "हिले अहिराणी येस का?" तिने मला विचारलं. मी आजींना इंग्रजीत विचारलं. भाषा विसरली होती, शब्द उरला होता. आजींचा जन्म धुळ्याचा होता. त्या 'धुलिया' म्हणत होत्या.

त्या दिवसापासून भिंतीच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या आल्या. मध्ये मी, दुभाषी. सुट्टीच्या दिवशी दमलेली असूनही मी उडी मारून उठायचे, कारण आजी थोडं थोडंच सांगायच्या.

त्यांचे वडील आयरिश, इंग्रजांच्या राज्यात धुळ्याला पोलीस अधिकारी. सातपुड्यातलं एक ठाणं त्यांच्याकडे आलं आणि त्यांची झोप उडाली. पावसाळ्यात तिथे हिवतापाचं थैमान. खालून पाठवलेला शिपाई महिन्याभरात कुडकुडत परत यायचा, नाहीतर वर्दी टाकून पळायचा. सरकारने वर भत्ता दिला, तरी कुणी टिकेना. पगार धुळ्याहून घोड्यावर जायचा, नद्यांना पूर आला की महिनोन् महिने अडकायचा.

"अंगात ताप आणि घरी बायकोच्या हातात काही नाही," आजी म्हणाल्या. "डॅडी म्हणायचे, मीसुद्धा पळालो असतो."

मग त्यांनी डोंगरातल्याच भिल्ल आणि पावरा तरुणांना भरती केलं. वरचे साहेब नाराज झाले, ही माणसं परेड काय करणार म्हणाले. वडिलांनी ऐकलं नाही. पगार ते स्वतः आठवडी बाजाराच्या दिवशी घेऊन जायचे आणि सगळ्यांसमोर हातात द्यायचे. अट एकच होती. आधी साहेबासमोर हिवतापावरची कोयनेलची गोळी गिळायची, मग पगार. कडू तोंडावर गूळ वाटायचं काम लहानग्या आजींचं.

"पहिल्या वेळी एकानेही गोळी घेतली नाही," आजी सांगत होत्या. "त्यांना वाटलं, साहेब विष देतोय. डॅडींनी स्वतः खाल्ली, तरी कुणी हलेना. मग मीच एक उचलली आणि गिळली. तोंड उघडून, जीभ बाहेर काढून सगळ्या रांगेला दाखवली. ते जे हसले! मग एकेक पुढे आला."

आईने हे ऐकून टाळीच दिली असती, पण मध्ये भिंत आणि करोनाची साथ होती.

एकदा मात्र आईने मला मध्येच थांबवलं. मग म्हणाली, "हिला सांग, बेचाळीस साली माझ्या बापाचं डोकं असल्याच पोलिसांनी फोडलं होतं." मी घुटमळले. "सांग," आई म्हणाली. मी सांगितलं.

"इंग्रजांचा पोलीस झाला म्हणून माझे आजोबा डॅडींबरोबर कधी जेवायला बसले नाहीत," आजी म्हणाल्या. "या गावात मी डॅडींची नोकरी कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या आईलाच पहिल्यांदा." मी ते आईला सांगितलं. तिने उठून आपली खुर्ची भिंतीच्या आणखी जवळ ओढली.

हिवाळ्यात आई परत गेली. रुग्णालयात तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नव्हती. अशात एका सकाळी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आई, डोक्याला रुमाल, मागे डोंगर. जीप करून ती सातपुड्यात आजींच्या त्या ठाण्यावर जाऊन पोचली होती. "बोलाव तिला, रेंज जाईल," ती ओरडली. मी मास्क लावून अंगणात धावले, भिंतीवरून फोन धरला.

आईने फोन एका तरुण पोलीस बाईकडे दिला. पावरा समाजाची, जवळच्याच पाड्यातली. जुनं ठाणं केव्हाच पडलं होतं, नवं बांधलेलं होतं. आजींना काय विचारू आणि काय नको असं झालं होतं.

"ताप येतो का अजून?"

"पावसाळ्यात येतो. पूर्वीइतका नाही."

"तुला इथे कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. मी मागून घेतलं." ती हसली. "बाहेरचे लोक इथून बदली मागतात. माझं तर घरच इथे आहे."

"आणि पगार वेळेवर मिळतो?"

पोलीस बाईने आपला मोबाईल उंच धरून दाखवला. बँकेत येतो, मेसेज येतो. आजींनी मान हलवली, दोनदा "ग्रँड, ग्रँड" म्हणाल्या, म्हणजे छान, छान. मग त्यांनी माझ्याकडे वळून घाईघाईने विचारलं, "तिला सांग ना, मला ते डोंगर दाखव म्हणावं." पोलीस बाई फोन घेऊन चालू लागली. चित्र अडखळत होतं, पण आजींनी चष्मा वर सारला आणि रेंज जाईपर्यंत नजर हलवली नाही.