आक्काची गाडी आणि लेकाचे बिघाड

कुणाचीही बंद पडलेली गाडी दारात आली, की आक्का आधी आपले दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. अंगावर साडी, साडीवर नवऱ्याचा जुना फुलबाह्यांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. समोरचा माणूस घामाघूम होऊन सांगतोय, चावी फिरवली तरी काही होत नाही, स्टार्टरचं बटण दाबून सेल मारला तरी आवाज नाही. आणि ही सगळं ऐकून घेऊन दोनच शब्द बोलणार.

"हात लाव."

"मी?"

"मग? गाडी कुणाची हाय?"

निम्मे लोक तिथूनच परत जायचे. बेळगावच्या वडगावात तिला चक्रम म्हणणारे पुष्कळ होते आणि ते तिला ठाऊकही होतं. ती मेकॅनिक नव्हती. दुकान नाही, पाटी नाही. गाडी दुरुस्त करून देणं तिला मुळात मान्यच नव्हतं. मोटारसायकलवरून लांब जाणाऱ्या माणसाला वायरिंगमधला बिघाड शोधायला शिकवायचं, एवढंच ती करायची, आणि तेही तोंड सोडून.

मी तिच्याकडं गेले ती रडकुंडीला येऊन. मी खानापूरकडच्या खेड्यातली, बेळगावात कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला. पगारातून स्कूटी न घेता मोटारसायकल घेतली म्हणून घरात बरेच दिवस कुणी माझ्याशी धड बोललं नव्हतं. एका रविवारी चोर्ला घाटातून एकटीच फिरून येताना, बेळगावात शिरल्यावर अनगोळात गाडीनं मान टाकली. लगेच माणसं जमली. एक म्हणाला प्लग गेला, दुसरा म्हणाला पेट्रोलात पाणी, तिसऱ्यानं विचारलं, घरात कोण पुरुष माणूस न्हाय काय? माझं डोकं असं फिरलं म्हणून सांगू! तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, वडगावात एक बाई वायरींचं बघते. ढकलत नेली.

आक्कानं हात मागं बांधले आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. तिच्याकडं इंडिकेटरचा एक जुना बल्ब होता, त्याला दोन वायरी जोडलेल्या. एका वायरीचा चिमटा गाडीच्या सांगाड्याला लावायचा, दुसरीच्या टोकाला सुई. ती सुई टेकवाल तिथं करंट असेल तर बल्ब पेटतो. ती त्याला नुसतं 'दिवा' म्हणायची. बॅटरीला लाव. पेटला. फ्यूजच्या अलीकडं लाव. पेटला. पलीकडं लाव. पेटला. असं करत करत मी हँडलपर्यंत आले, आणि उजव्या अंगठ्याजवळच्या लाल बटणाच्या अलीकडं दिवा पेटला, पलीकडं पेटेना. इंजिन बंद करायचं ते बटण. माझ्या पिशवीच्या पट्ट्यानं ते कधीतरी सरकलं होतं. एवढंच!

"तुम्हाला आधीच दिसलं होतं ना?" मी विचारलं.

"गाडी आत आली तवाच."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर घरी गेली असतीस. आता कुठं बी जाशील."

तेव्हापासून मी तिची. दर रविवारी सकाळी तिच्या घरामागच्या रिकाम्या मागाच्या खोलीत वर्ग भरायचा. पूर्वी तिथं पॉवरलूम चालायचे. मागाची मोटर जळली की वायरमन सवडीनं यायचा, तोपर्यंत घरातलं सगळं ठप्प. एक दिवस तिला संताप आला आणि तिनं मोटर स्वतःच उघडली. नवरा गेला, माग विकले, त्याची मोटारसायकल तेवढी राहिली. ती चालवायला आक्का पन्नाशी उलटल्यावर शिकली. आमच्याकडच्या जुन्या बायका स्वतःबद्दल बोलताना 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणतात. आक्काच्या तोंडात ते जरा जास्तच शोभायचं.

वर्गात कोण कोण असायचं! एक नर्स, चिकोडीकडच्या दोघी जैन बहिणी, लडाखला निघालेली पोरं. मराठी, कन्नड, हिंदी सगळं एका दमात. 'हात लाव' कळलं नाही तर 'कै हच्चु'. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळून आलेल्या एकाला तिनं असा झापला, की तो हेल्मेट काढायलाच तयार होईना. फ्यूज उडाला म्हंजे त्यानं आपलं काम केलं, का उडाला ते बघायचं सोडून तू त्याचंच तोंड बांधलंस, असं तिचं म्हणणं.

ती नेहमी बरोबर असायची असं मात्र समजू नका. एकदा नर्सच्या गाडीचा हॉर्न वाजेना. आक्का सकाळभर वायरच खराब म्हणून अडून बसली. शेवटी हॉर्न उघडला तर आत कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलेलं. आम्ही सगळे हसलो. आक्का म्हणाली, वायर बी खराबच हाय, आणि चांगली वायर बदलायला लावली. चूक कबूल करणं हा प्रकार तिच्याकडं नव्हता.

मग एक दिवस ती स्वयंपाकघरात कोसळली. घरात तिचा लेक एकटाच होता. उद्यमबागेतल्या कारखान्यात काम करणारा, कमी बोलणारा, आईवर जीव असलेला माणूस. त्यानंच तिला उचलून दवाखान्यात नेलं. छातीत पेसमेकर बसवला. परत आल्यावर आक्का वर्गात ऐटीत सांगायची, तुमच्याकडं एक बॅटरी, माझ्याकडं दोन.

तपासणी नीट झाली, आणि गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टरांनीच सांगितलं. फक्त पेसमेकरमुळं चालू इंजिनावर ओणवं व्हायचं नाही. पण लेक ऐकेना. डॉक्टर व्हय म्हणू दे, मी न्हाय म्हणतोय, असं म्हणून त्यानं चावी लपवली.

इथं तुम्हाला निपाणीचं सांगायला पाहिजे. निपाणीत आक्काची थोरली बहीण होती. आयुष्यभर विड्या वळून पाठीत वाकलेली, अलीकडं घराबाहेर न पडणारी. आक्का अधूनमधून गाडी काढायची, हायवेनं तिच्याकडं जायची, दोघी दिवसभर बोलत बसायच्या. लेक म्हणायचा, बसमध्ये बसवून देतो, न्हायतर मी भाड्याच्या कारनं सोडतो. आक्काला ते नको होतं.

"दुसऱ्यानं नेलं की मी पावणी," ती मला म्हणाली. "माझी मी गेलो की मी भैन."

मला ते आतपर्यंत लागलं.

तर चावी गेली. आक्कानं चावीच्या कुलपाच्या दोन वायरी जोडून गाडी सुरू करून दाखवली. लेकानं मग फ्यूज काढून नेला. रविवारी आक्कानं गाडी वर्गात मधोमध उभी केली आणि जाहीर केलं, ही तुमची परीक्षा. आम्ही दिवे काढले आणि शोधलं. पुढच्या खेपेला लेकानं हुशारी केली. फ्यूज जागेवर होता, पण जळका. त्याच्या पुढच्या रविवारी बॅटरीच्या टोकाला आणि वायरीला मध्ये कागदाची बारीक घडी घालून स्क्रू तसाच घट्ट आवळला. बाहेरून बघाल तर सगळं जिथल्या तिथं! त्या दिवशी आमची दुपार झाली. सापडल्यावर आक्का खुशीत आली. ह्यो बरा केलाय, म्हणाली, पोरगं शिकालंय. लेक दारात उभा राहून चहा पीत हे ऐकायचा आणि कप रिकामा झाला की आत जायचा. माय-लेक घरात एकमेकांशी बोलत नव्हते, पण हे चालू होतं. खरं सांगते, आम्हाला मजा वाटत होती. गल्लीतले लोकही विचारायचे, ह्या रविवारी काय केलंय त्यानं?

पुढं निपाणीहून निरोप आला, थोरलीला बरं नाही. आक्कानं सांगून टाकलं, रविवारी मी गाडीनं जाणार.

शनिवारी संध्याकाळी आम्ही गाडी तपासायला गेलो, तर टाकीखालून जाणारा वायरींचा अख्खा जुडगा पकडीनं आरपार तोडलेला. रंगीबेरंगी टोकं दोन्ही बाजूंनी लोंबत होती. कुणी हसलं नाही. हा काही शोधायचा बिघाड नव्हता.

आक्कानं ती टोकं हातात घेऊन बघितली. मला वाटलं, आता आत जाऊन लेकाला फाडून खाणार. ती आत गेली ती पकड, चाकू आणि टेप घेऊन आली आणि बुटक्या स्टुलावर बसली. मी पुढं झाले तर म्हणाली, "कुणी हात लावायचा न्हाय." तिच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

रविवारी उजाडल्यापासून ती एकेक वायर सोलत होती. लालला लाल, हिरव्याला हिरवी, पिवळ्या रेघेच्या काळीला तसलीच काळी. तांब्याच्या तारा बोटांतून निसटायच्या, ती परत धरायची. आम्ही भिंतीला टेकून नुसते बसलो होतो. जेवायची वेळ टळून गेली तेव्हा लेक आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि तिला पीळ घालता यावा म्हणून दोन टोकं धरून ठेवली. तिनं त्याला हाकललं नाही. कितीतरी वायरी तशा जोडून झाल्या.

मग तो म्हणाला, "तू पडलीस तवा घरात मी एकटाच हुतो, आई."

"व्हय," आक्का म्हणाली. "आन मी पडलो ते घरातच पडलो."

त्यानं पुढची दोन टोकं धरली.

आता एक गोष्ट इथंच सांगून मोकळी होते. आक्का आज नाही. ह्या सगळ्यानंतर बऱ्याच महिन्यांनी, निपाणीतच, बहिणीच्या दारात खुर्चीत बसून चहा पिताना ती गेली. गाडी बाजूला सावलीत उभी होती. लोक म्हणालेच, बघा, सांगत हुतो, ह्या वयात गाडी कशाला? अरे, बाई खुर्चीत गेली! मग खुर्च्या बंद करा की! तेराव्यालासुद्धा हे ऐकावं लागलं आणि तिथं मी दोघांशी भांडले. मला अजून त्याचं काही वाटत नाही. माणसाबद्दल लिहायचं तर शेवटी त्याचं मरण ठेवायची पद्धत आहे. मी ठेवणार नाही.

मी ठेवणार ती त्या रविवारनंतरच्या सोमवारची सकाळ. वायरी जोडून झाल्या होत्या, गाडी पहिल्या सेलला सुरू झाली होती. आक्कानं हेल्मेट घातलं आणि कुणाला न सांगता निघाली. लेक स्कूटर दामटत माझ्या खोलीवर आला. ताई, चल माझ्यासंगं, मी एकटा मागनं गेलो तर ती मला वाटेत थांबवून परत घालवंल. मी रजा टाकली आणि त्याच्या स्कूटरवर मागं बसले. निपाणीच्या हायवेवर काकती ओलांडल्यावर आक्का दिसली. डाव्या कडेनं, रस्त्याच्या शिस्तीत चालली होती. हत्तरगी गेली, संकेश्वर गेलं, आम्ही आपले अंतर राखून मागं. तिला आरशात आम्ही दिसत होतो, हे न कळण्याइतकी मी खुळी नाही.

संकेश्वरच्या पुढं उसाच्या फडाजवळ स्कूटर फट्‌दिशी बंद पडली. मीटरवरचे सगळे दिवे गेले. आक्का पुढं कडेला थांबली, गाडी स्टँडला लावली आणि चालत आमच्याकडं आली.

"आई, बघ की गं जरा."

आक्कानं फक्त तो दोन वायरींचा दिवा काढून त्याच्या हातात दिला. ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते. लेकानं सीट उघडली, फ्यूज बघितला. उडालेला. नवा घातला, चावी फिरवली, तोही उडाला. त्यानं आईकडं बघितलं. आई ऊस बघत होती. इतके महिने बिघाड करण्यात पटाईत झालेला तो माणूस पहिल्यांदाच बिघाड शोधत होता, आणि त्याला कुठून सुरू करावं तेच कळत नव्हतं. मला सगळं येत होतं. माझे हात शिवशिवत होते. मी एक पाऊल पुढं टाकलं तर आक्कानं माझ्याकडं असं बघितलं, की मी मागं सरले.

त्यानं वायर धरून हँडलपर्यंत माग काढला. हँडल वळतं तिथं वायर पत्र्याला घासून उघडी पडली होती. बघ, हितं टेकालीया, तो स्वतःशीच म्हणाला. टेप गुंडाळला, शेवटचा फ्यूज घातला. दिवे आले. स्कूटर सुरू झाली आणि तो लहान मुलासारखा हसला. आक्का त्याला शाबास म्हणाली नाही. तिनं त्याच्या गालाला लागलेलं काळं शर्टाच्या बाहीनं पुसलं आणि चालू लागली.

"पोचल्यावर फोन कर," तो मागून म्हणाला.

"बघतो," आक्का म्हणाली.

ती गाडीवर बसली, निघाली. मी घाईनं स्कूटरवर बसले, पण लेक हललाच नाही. मी म्हटलं, चल की, लांब जाईल ती.

"न्हाय ताई. आता मागनं जायाचं न्हाय," तो म्हणाला. "आपण मागं हाय म्हणून ती सावकाश चालवालती."

त्यानं बरोबर ओळखलं होतं. तवंदी घाटाच्या बाजूला तोंड करून आक्कानं गाडीचा कान असा पिळला, की आवाज आमच्यापर्यंत आला. शर्ट वाऱ्यानं फुगला. आम्हाला दिसेनाशी व्हायला तिला फार वेळ लागला नाही.